अगदी स्पष्ट ‘नको’

४ मार्च

आज कार्यालयात एक अवघड शब्द मिळाला आणि घरी एक हातमोजा शिवून झाला. दोन्हींचा आनंद झाला, म्हणून डिसेंबरपासून मिटून ठेवलेली ही वही पुन्हा उघडली.

शब्द स्पॅनिश आहे. एन्कार्निसामिएन्तो. उच्चारता उच्चारता माणसाला धाप लागावी एवढा लांब. आमचं कोशाचं कार्यालय चष्म्याच्या दुकानावर आहे. तिथे खिडकीशी बसून मी अकरा वर्षं स्पॅनिश शब्दांना आपले अर्थ लावते आहे. जुन्या कोशात या शब्दापुढे नुसतं ‘क्रौर्य’ लिहिलं आहे. संपादकांना ते पटत नाही.

“बाई, क्रौर्याला त्यांच्याकडे साधा शब्द आहे, क्रुएल्दाद. मग हा दुसरा कशाला जन्माला आला? उगीच कोणी जन्माला येत नाही.”

“काही जण येतात,” मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “झालं, पुढे.” त्यांचं प्रत्येक बोलणं इथेच संपतं, म्हणून आमच्या टंकलेखिकेने त्यांचं नाव पूर्णविराम ठेवलं आहे.

पूर्णविरामांची एक पद्धत आहे. अवघड शब्द आला की आधी अर्थ शोधायचा नाही, प्रसंग गोळा करायचे. कोऱ्या पिवळट कार्डावर एकेक प्रसंग लिहायचा. काय केलं, काय झालं, एवढंच. नाव नको, विशेषण नको, स्वतःचं मत तर मुळीच नको. दहा-बारा कार्डं जमली की ती मोठ्याने वाचायची, म्हणजे आपला शब्द आपोआप तोंडात येतो. मी सुरुवातीला हसले होते, पण बहुतेक वेळा तो येतो.

आता हातमोजा. तो अण्णांसाठी आहे. माझे वडील सार्वजनिक तलावावर एकतीस वर्षं पोहायला शिकवायचे. डिसेंबरात झटका आला आणि उजवी बाजू गेली, गिळणं गेलं, बोलणं तीन-चार शब्दांवर आलं. नाकातून नळी घातली आहे आणि तीतून दूध, सूप, औषधं जातात. पण डावा हात चांगला आहे, आणि त्या हाताने ते नळी उपसतात. दोन आठवड्यांत चार वेळा उपसली. नर्सबाई दर वेळी येऊन नवी घालतात. तेव्हा अण्णांच्या डोळ्यांत पाणी येतं. ते नळीमुळे येतं, असं नर्सबाई म्हणाल्या.

म्हणून मी बोटं नसलेला मोजा शिवला. आत कापूस, बाहेर निळ्या कापडावर बारीक पांढरी फुलं, आणि मनगटाशी एक नाडी. नाडी पलंगाच्या दांडीला बांधली की झालं. फार गोड दिसतो. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

६ मार्च

शब्दाचं मूळ सापडलं. जुने शिकारी आपल्या कुत्र्याला दुसऱ्या जनावराचं मांस चाखायला द्यायचे, म्हणजे त्याला चटक लागायची आणि तो शिकारीवर तुटून पडायचा. त्या चटक लावण्यापासून हा शब्द निघाला आहे. म्हणजे हे एका फटक्यात संपणारं क्रौर्य नव्हे. समोरचा आधीच पडला आहे आणि हा सोडायलाच तयार नाही, असं काहीतरी.

दुपारी अण्णांना दूध देऊन खुर्चीत बसले होते. पडद्यातून ऊन पाण्यासारखं भिंतीवर हलत होतं. डोळा लागला असावा, कारण पलंगाच्या पायाशी एक मोठा तपकिरी कुत्रा बसला होता. मला भीती वाटली नाही. तो अण्णांकडे इतक्या मायेने बघत होता की मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. जाग आली तेव्हा माझा हात खुर्चीच्या दांडीवर होता.

९ मार्च

आज फार आनंदाचा दिवस. अण्णा ‘नको’ अगदी स्पष्ट म्हणाले.

याआधी नुसतं ‘नॉ’ यायचं. आज ‘को’सुद्धा नीट आला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई उजवा पाय वाकवत होत्या, तेव्हा एकदा म्हणाले. मग मी सूप द्यायला नळीचं तोंड उघडलं, तेव्हा दोनदा. बाई म्हणाल्या, “रुग्ण नको म्हणतातच हो, आपण करत राहायचं.” मी लगेच कार्डावर नोंदवलं.

हो, अण्णांची टिपणंही मी कार्यालयाच्याच कोऱ्या कार्डांवर ठेवते. पलंगाच्या दांडीला चिमटा लावला आहे, त्यात ती अडकवते. नर्सबाईंना आल्या आल्या सगळं कळतं. अकरा वर्षांची सवय लागली आहे, त्यामुळे इथेही नाव नाही, विशेषण नाही. काय केलं, काय झालं, एवढंच.

संध्याकाळी धाकटी आली. माझी बहीण शहराच्या पलीकडच्या टोकाला राहते आणि येते ती तोंड पाडूनच. तिला मी उत्साहाने सांगितलं, “अगं, ‘नको’ म्हणाले! अगदी स्पष्ट!”

ती माझ्याकडे बघत राहिली. “कशाला नको म्हणाले, ताई?”

“सुपाला.”

“मग?”

“मग काय मग? दिलं.”

ती अण्णांजवळ बसली आणि मोज्यावरून हात फिरवत राहिली. जाताना दारात म्हणाली, “ताई, अति तिथे माती गं.” मी म्हटलं, “तू दर रविवारी येतेस, तुला म्हणी सुचतात. मला सुचायला वेळ नाही.” बोलून गेले आणि मग वाईट वाटलं. पण तिने ऐकावंच म्हणून बोलले होते, हेही खरं.

१० मार्च

गाठ सैल बांधली होती, त्यामुळे अण्णांनी नळी पुन्हा उपसली. आता दुहेरी गाठ बांधते.

१३ मार्च

डॉक्टर घरी येऊन गेले. सावकाश बोलणारे आहेत, त्यांच्या समोर बसलं की आपलंही बोलणं हळू होतं. म्हणाले, नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. पोटाला छोटं छिद्र करून तिथून नळी घालता येईल. चोवीस तारखेला जागा आहे. छाती अशक्त आहे, त्यामुळे भुलीचा धोका आहे. ते नको असेल तर नळी काढून टाकायची, तोंडाने जे दोन चमचे घेतील ते द्यायचे, आणि पुढे जे होईल ते होऊ द्यायचं.

“तुम्ही काय कराल?” मी विचारलं.

“मी त्यांना विचारलं असतं,” ते म्हणाले.

“त्यांना बोलता कुठे येतं?”

डॉक्टर संमतीचा कागद टेबलावर ठेवून गेले. थोरली म्हणून सही माझी लागेल.

सही करणार आहे, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? तरीही पेन हातात घेऊन बसले आणि दुपार गेली. एक गोष्ट कोणालाही सांगितलेली नाही, ती या वहीला सांगते. डिसेंबरात त्या दिवशी अण्णांनी मला हाक मारली होती. मी जेवणाच्या टेबलावर काम घेऊन बसले होते. म्हटलं, “थांबा हं अण्णा, एवढं कार्ड संपवते.” कार्ड संपलं, दुसरं घेतलं. वीस मिनिटांनी गेले तेव्हा ते न्हाणीघराच्या फरशीवर होते. डॉक्टर म्हणाले होते, लवकर कळलं असतं तर कदाचित. त्यांनी वाक्य तिथेच सोडलं होतं. मी मात्र ते रोज पुरं करते.

मी आता एक मिनिटही उशीर करत नाही. सात, दहा, एक, चार, सात. घड्याळाचा काटा चुकेल, मी चुकत नाही. डिसेंबरपासून कार्यालयात रोज जात नाही, जाते तेव्हा नर्सबाई थांबतात आणि माझ्याच वेळा पाळतात.

१५ मार्च

शब्दाचे वापर गोळा करते आहे. चिवटपणे लढली गेलेली लढाई. रडून किंवा रागाने लाल झालेले डोळे. हरलेल्या माणसावर तुटून पडणारे विरोधक. हे सगळं ठीक आहे. पण आज एक विचित्र वापर सापडला. तिकडचे डॉक्टर हाच शब्द उपचारांना लावतात. बरं होण्याची आशा उरलेली नाही, तरी माणसावर एकामागून एक उपचार करतच राहायचे, त्याला ते हे नाव देतात.

मला हे पटलं नाही. कुठे ते शिकारी कुत्रं आणि कुठे औषधाची बाटली! दोघांना एका दावणीला बांधायचं म्हणजे काय? उपचार करणाऱ्याच्या मनात काय असतं याचा विचार नको का करायला? सगळ्यात शेवटी, विशेष वापर म्हणून टाकीन. जागा कमी पडली तर गाळीन.

टंकलेखिका कार्डं न्यायला आली, तर माझ्याकडे फक्त चार होती. म्हणाली, “बाई, शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तुम्हाला अख्खा कोश लागतो वाटतं!” ती अशी चिमणीसारखी चिवचिवते म्हणून कार्यालयाचा तो जिना रोज चढवतो. मी म्हटलं, गुरुवारपर्यंत बाकीची देते.

पण प्रसंग सुचत नाहीत. क्रूर माणसं मला कुठे भेटणार? मी कार्यालयातून घरी आणि घरून कार्यालयात.

१८ मार्च

स्वप्न पडलं. दुपारचंच, दहाच्या आणि एकच्या दुधाच्या मधलं.

अण्णांचा जुना तलाव होता. पाणी काठोकाठ आणि हिरवं, आणि त्यावर आमची पिवळी कार्डं तरंगत होती. अण्णा काठावर पाय सोडून बसले होते, धडधाकट, गळ्यात शिट्टी. त्यांच्या शेजारी एक लहान मुलगी बसली होती. मी पाण्यात उभी राहून ओरडत होते, “ढकला ना तिला, अण्णा! वेळ होतोय!” ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

जागी झाल्यावर आठवलं की ती मुलगी खरी होती. पाण्याला भ्यायची. तिची आई रोज म्हणायची, मास्तर, एकदा ढकलून द्या, भीती मोडेल. अण्णा म्हणायचे, “भीती मोडायची नसते हो, तिला कंटाळा येईपर्यंत बसायचं असतं.” अकरा दिवस ते तिच्याबरोबर नुसते काठावर बसले. बाकीचे शिक्षक हसायचे. बाराव्या दिवशी ती आपण होऊन उतरली की नाही, ते मला काही केल्या आठवेना. अण्णांना विचारलं, “अण्णा, ती उतरली का हो?” त्यांनी डोळे उघडले, पण एक वाजत आला होता, मला दूध गरम करायला जावं लागलं.

२० मार्च

गडबडीचा दिवस. आदल्या रात्री जागून सहा-सात प्रसंग कसेबसे लिहिले होते. वर्तमानपत्रातले, ऐकीव, सगळे फिके. सकाळी नर्सबाईंना उशीर झाला, मला चार मिनिटं उशीर झाला, अण्णांनी डोकं इतकं हलवलं की नळीची पट्टी सुटली. नाकी नऊ आले. पट्टी लावली, टेबलावरची कार्डं उचलली आणि पळाले. टंकलेखिका जिन्यातच भेटली. गठ्ठा तिच्या हातात देऊन मोकळी झाले.

परत आले तर नर्सबाई विचारतात, “आजवरची टिपणं कुठे ठेवलीत?” चिमटा रिकामा होता. पट्टी लावताना तो आड येत होता म्हणून मीच ती काढून टेबलावर ठेवली होती, हे आठवलं. कुठेतरी पडली असतील. उद्या शोधीन.

२१ मार्च

जमेल तसं लिहिते.

अकराला पूर्णविरामांनी बोलावलं. टंकलेखिकाही तिथेच होती. त्यांच्या पुढ्यात टंकलेला कागद होता, आणि मी अकरा वर्षांत त्यांना इतकं खूश पाहिलेलं नाही.

“बाई, वर्तमानपत्रातले प्रसंग मी काढून टाकले. त्यात दम नाही. पण ही दुसरी सात कार्डं! यांच्यापुढे मला काही बोलायलाच नाही. ऐका.”

आणि त्यांनी मोठ्याने वाचलं. पद्धतच आहे ती.

“नळी उपसली. पुन्हा घातली. उपसली. पुन्हा घातली.

“सकाळी सात. तोंड फिरवलं. तरी दिलं, दोनशे.

“हात सोडवायचा प्रयत्न. गाठ दुहेरी केली.

“‘नको’ म्हणाले, तीन वेळा. अगदी स्पष्ट. पुढे चालू.

“रडले. पुसलं. व्यायाम पूर्ण केला.”

पुढची दोन मी ऐकली नाहीत. खिडकीतून खालच्या दुकानाची पाटी दिसत होती, तिच्यावरच्या चष्म्याच्या दोन मोठ्या काचा दिसत होत्या, आणि मला वाटलं आपण फार खोल पाण्यात आहोत आणि वर कुणीतरी काहीतरी वाचतंय.

“तुरुंगातलं आहे का हे?” ते विचारत होते. “आणि सगळ्यात भयंकर काय आहे, लक्षात आलं का? हा माणूस त्याला अहो-जाहो करतोय. ‘म्हणाले.’ ‘रडले.’ आदराने बोलतोय आणि गाठ दुहेरी करतोय. मला इतके दिवस जो अर्थ सापडत नव्हता, तो हा. कुठून मिळवलेत हे प्रसंग?”

“ओळखीतले आहेत,” मी म्हटलं.

टंकलेखिकेने माझ्याकडे पाहिलं. अण्णा आजारी आहेत हे दोघांनाही माहीत आहे, पण नळीचं, मोज्याचं मी कधी बोलले नव्हते. तिला कळलं, आणि मग बहुतेक त्यांनाही कळलं, कारण ते “झालं, पुढे” म्हणाले नाहीत. कागद हळूच पालथा घातला आणि म्हणाले, “तुम्ही घरी जा, बाई.”

घरी आले तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. नर्सबाई दूध गरम करत होत्या. मी म्हटलं, बंद करा.

दुहेरी गाठ माझी मलाच सुटेना, दातांनी सोडवली. मोजा काढला. हात पुसायला मी तो रोज काढत होते, पण तेव्हा मनगट माझ्या मुठीत असायचं. आज मी मूठ उघडली आणि दोन पावलं मागे झाले. तळवा पांढरा पडला होता, भिजून सुरकुतलेला, पुष्कळ वेळ पाण्यात राहिल्यासारखा.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात हळूहळू वर गेला. मला वाटलं, नळी. मी दोन्ही हात पाठीमागे धरले.

त्यांनी नाक खाजवलं.

पट्टीच्या कडेला, जिथे कातडी लाल झाली होती, तिथे. मग भुवई. मग कान, कानामागे, मानेवर. डोळे मिटून, सावकाश. सतरा दिवस या माणसाला नाक खाजवायचं होतं, आणि मी दूध मोजत होते. मला हसू आलं आणि त्यातच रडू आलं. नर्सबाई ओट्याशी पाठ करून उभ्या राहिल्या.

नळी त्यांनी काढली ती चारच्या सुमाराला. झटका नाही, घाई नाही, एकेक बोट घेत काढली आणि चादरीवर नीट ठेवली. नर्सबाईंनी फोनकडे हात नेला. मी म्हटलं, राहू दे.

आणि मग ते झोपले. तोंड उघडं, हात छातीवर. डिसेंबरपासून मी त्यांना इतकं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं. चार वाजून गेले, सात वाजून गेले. मी घड्याळाकडे बघत होते आणि उठत नव्हते. हे सगळ्यात अवघड होतं, हे इथे लिहून ठेवते.

२२ मार्च

धाकटीला सकाळीच बोलावलं. ती आली, रिकामी दांडी पाहिली, उशीवर अण्णांचा मोकळा चेहरा पाहिला आणि खुर्चीत बसून रडली. मी तिला वीस मिनिटांचं सांगितलं. कार्डाचं, दुसऱ्या कार्डाचं, सगळं. मला वाटलं, ती म्हणेल, तुझी काय चूक गं ताई. तयारीच करून बसले होते ते ऐकायची.

ती म्हणाली, “मग त्याची शिक्षा अण्णांना का देत होतीस?”

राग नव्हता तिच्या आवाजात. खरोखरच विचारत होती. शिक्षा मी स्वतःलाच देते आहे, असं मला रोज वाटत होतं. ती मधेच कुठेतरी त्यांच्या नाकातून जात होती.

दुपारी डॉक्टरांना फोन केला. चोवीस तारखेची जागा सोडली. ते म्हणाले, “काही दिवस, फार तर दोन आठवडे. तोंड ओलं ठेवा. मागतील ते द्या.” मी विचारलं, “आणि मागितलं नाही तर?” ते म्हणाले, “तर देऊ नका.” एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगायला डॉक्टर लागला.

धाकटीने दुसऱ्या खोलीत गादी घातली. म्हणाली, “मी राहते.” मी म्हटलं, “तुझं घर?” ती म्हणाली, “चुलीत गेलं घर.” आम्ही दोघी हसलो. अण्णांनी डोळे उघडून पाहिलं, काय चाललंय म्हणून.

२६ मार्च

तासभर कार्यालयात गेले. नोंद पुरी केली. मुख्य अर्थ असा लिहिला: आधीच पडलेल्या, थकलेल्या माणसाच्या हात धुऊन मागे लागणं, थांबता न येणारं क्रौर्य. उपचारांचा वापर शेवटून उचलून दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. आणि पुढे तीन शब्द घातले: कधी कधी मायेपोटीही.

पूर्णविरामांचं पेन त्या तीन शब्दांवर थांबलं. “बाई, कोशात माया कशाला? कोणता स्पॅनिश कोश म्हणतो असं?”

“कोणताच नाही.”

“आधार काय मग?”

“सात कार्डं.”

बराच वेळ ते पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. मग म्हणाले, “ती कार्डं छापायची नाहीत. शब्द राहू द्या.” टंकलेखिका मला खालच्या दारापर्यंत सोडायला आली. आज तिने एकही विनोद केला नाही, त्यामुळे मला तिची जास्तच काळजी वाटली.

२८ मार्च

अण्णा दिवसभर झोपेत असतात. मधून जागे होतात, खिडकीकडे बघतात. ‘पाणी’ म्हणाले, दोन चमचे घेतले. तिसऱ्याला ओठ मिटले. चमचा धाकटीच्या हातात होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही काही बोलले नाही.

आता मलाही झोप येते. खुर्चीत बसल्या बसल्या येते, आणि तिच्यात काहीच नसतं. कुत्रा नाही, पाणी नाही. जाग आली की अण्णा माझ्याकडे बघत असतात. किती वेळ बघत असतात, कोण जाणे.

३० मार्च

आज धाकटी औषधाच्या दुकानात गेली होती. आम्ही दोघंच होतो. दुपारचं ऊन पलंगाच्या मध्यापर्यंत आलं होतं. अण्णा जागे होते, श्वास उथळ पण शांत. मी उभीच होते. गेले आठ दिवस मी त्यांच्या पलंगावर बसलेले नाही, खुर्चीतच बसते. का, ते माझं मला माहीत आहे.

मी विचारलं, “अण्णा, फार त्रास दिला का हो मी?”

विचारलं आणि थांबले. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. ओठ हलतात, आवाज येत नाही, पुन्हा हलतात. एरवी मीच वाक्य पुरं करून टाकायचे. आज नाही केलं. रस्त्यावरून एक गाडी गेली, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली.

“हो,” अण्णा म्हणाले. अगदी स्पष्ट.

मी मान हलवली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, त्या नजरेत राग शोधला तर तो नव्हता, आणि माफी शोधली तर तीही नव्हती. मला कळत नव्हतं की आता उभं राहावं की बाहेर जावं.

मग त्यांनी डावा हात गादीवर टेकवला. कोपर थरथरत होतं. मला वाटलं, त्यांना उठायचं आहे, मी धावणार होते, पण आधी बघितलं. त्यांना उठायचं नव्हतं. ते भिंतीकडे सरकत होते. एक वीत सरकायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. सरकून झाल्यावर धाप लागली, ती खाली बसेपर्यंत डोळे मिटून पडले. मग रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांनी हाताने दोनदा थोपटलं.

मी बसले.